माग आपला, जॅकार्ड कुणाचे?

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना माग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सकाळी डोळा उघडायच्या आधी कानात शिरते ती मागाचीच खटखट. परंतु साधा माग वेगळा आणि नक्षीची चादर विणणारा माग वेगळा. साधा माग उभ्या धाग्यांतून आडवा धागा फेकत राहतो. त्यातून पट्टे निघतील, फार तर चौकडा निघेल. मोर किंवा कमळ काढायचे असेल तर मागाच्या डोक्यावर आणखी एक यंत्र चढवावे लागते. त्याचे नाव जॅकार्ड. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्या यंत्रावरून फिरते. जिथे भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्समधल्या लिओं शहरच्या जोसेफ मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले, आणि १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने भोके पाडलेल्या पत्त्यांवर माणसे मोजली. म्हणजे संगणकाच्या कुळाचा शोध घेत मागे गेले तर वाट विणकराच्या घरावरूनच जाते. आम्हा सोलापूरकरांना याचा उगीचच अभिमान वाटतो.

हे आठवण्याचे कारण म्हणजे सध्या घरोघरी ऐकू येणारा एक शब्द, 'प्लगइन'. इंटरनेटची पाने दाखवणारा ब्राउझर हा आपला माग. त्याला अक्षरे आणि चित्रे विणता येतात. पण डिजिटल सही करायची असेल, बोटाचा ठसा घ्यायचा असेल, जुन्या पद्धतीचा एखादा खेळ किंवा चलत्‌चित्र दाखवायचे असेल, तर त्याच्या डोक्यावर एक जॅकार्ड चढवावे लागते. तेच प्लगइन. माग एकाचा, जॅकार्ड दुसऱ्याचे आणि नक्षी तिसऱ्याची, असा हा तिघांचा संसार आहे. तो कुठे बिघडतो आणि बिघडला की भुर्दंड कुणाला बसतो, हे आज पाहू.

हा विषय आताच निघण्याचे कारणही सांगतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर चढत नाही. तेव्हा धडधाकट संगणक भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालून घेणारी मंडळी वाढली. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, छोटे दुकानदार आहेत आणि आमच्यासारखे पेन्शनरही आहेत. लिनक्स हे हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले काम. ते कुणीही घ्यावे, उघडून पाहावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे. बँकेत नोकरी केलेल्यांना हा प्राणी अगदी अनोळखी वाटायचे कारण नाही. नव्वदच्या दशकात शाखांमधून जे काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचे संगणक आले, त्यांतले कितीतरी युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालत. लिनक्स तिच्याच वळणावर घडलेले आहे, धाकट्या चुलतभावासारखे.

लिनक्स घातल्यावर पत्रे लिहिता येतात, वर्तमानपत्र वाचता येते, मुलीशी अमेरिकेत बोलता येते. सगळे सुरळीत चालते. आणि मग एके दिवशी एखादे संकेतस्थळ म्हणते, पुढे जायचे असेल तर अमुक प्लगइन बसवा.

नवी पेठेतल्या एका संगणक-दुरुस्तीच्या दुकानात बसलो असताना एक निवृत्त शिक्षक लॅपटॉप घेऊन आले. "अरे, हे चालत नाही," ते म्हणाले. काउंटरमागचा मुलगा विशीतला असेल. तो म्हणाला, "सर, 'चालत नाही' एवढंच नका सांगू. पडद्यावर काय लिहून आलंय, ते मला वाचून दाखवा." सरांनी आयुष्यभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगितले असणार. पण मला त्या मुलाचे कौतुक वाटले. बिघाड शोधण्याची अर्धी विद्या त्या एका वाक्यात होती.

बँकेत आम्ही संध्याकाळी हेच करायचो. जमाखर्चाचा मेळ बसला नाही तर नवखा कारकून पहिल्या पानापासून सगळे पुन्हा तपासायला बसे. जुना हेडक्लार्क आधी फरकाचा आकडा बघे. फरक नऊने भागला जात असेल तर कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिले आहेत. ६३ चे ३६ झाले की फरक येतो २७. फरक समसंख्या असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा, ती नावेच्या ऐवजी जमेला पडलेली असण्याचा संभव. फरकच सांगतो की चूक कुठल्या जातीची आहे. संगणकावरचा तो लाल अक्षरांतला संदेश म्हणजे असाच फरकाचा आकडा. आपण मात्र तो न वाचता आधी 'बंद करा' वर बोट ठेवतो.

लिनक्सवरच्या प्लगइनचे बिघाडही अशाच काही जातींचे असतात. पहिली आणि सर्वांत साधी जात म्हणजे ते प्लगइन लिनक्ससाठी बनवलेलेच नाही. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' असेल तर ती विंडोजची. ती लिनक्सवर दहा वेळा दाबली तरी काही घडत नाही. एका मापाचे पुठ्ठे दुसऱ्या मापाच्या जॅकार्डवर बसत नाहीत, त्यात ना पुठ्ठ्याचा दोष ना यंत्राचा. दुसरी जात मापाची. एके काळी ३२ बिटांचे प्लगइन आणि ६४ बिटांचा ब्राउझर यांचे जमत नसे आणि त्यांची गाठ घालून द्यायला मध्ये एक दुभाषी कार्यक्रम बसवावा लागे. फ्लॅश नावाच्या प्लगइनने लिनक्सवाल्यांना या एका कारणापायी वर्षानुवर्षे रडवले.

तिसरी जात जागेची, आणि ही जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे. विंडोजमध्ये 'पुढे, पुढे, पुढे' म्हणत गेले की कार्यक्रम आपली जागा आपण शोधतो. जुन्या फायरफॉक्समध्ये लिनक्सवर तसे नव्हते. फ्लॅशची एकच फाइल मिळे, शेवटी 'डॉट एसओ' असलेली. ती आपल्या होम फोल्डरातल्या एका लपलेल्या फोल्डरात नेऊन ठेवावी लागे. लिनक्समध्ये ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असते ते डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोल आणि एच ही बटणे एकदम दाबली की फाइलींच्या खिडकीत ते प्रकट होते. त्या 'डॉट मोझिला' नावाच्या फोल्डरात 'प्लगिन्स' नावाचा कप्पा, त्या कप्प्यात ती फाइल. मग ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा आणि पत्त्याच्या जागी 'अबाउट', विसर्गासारखी दोन टिंबे आणि 'प्लगिन्स' असे लिहून यादीत नाव आले का ते पाहायचे. नाव आले म्हणजे जॅकार्ड मागावर चढले. न आल्यास फाइल वाचायची परवानगी आहे का, हा पुढचा प्रश्न. लिनक्स या बाबतीत जुन्या बँकेसारखे आहे. तिजोरीची किल्ली दोघांकडे असते, आणि साहेबाची सही असल्याखेरीज कुलूप उघडत नाही. काहींना त्याचा जाच वाटतो. मला त्याचे मोल वाटते.

आता हा सगळा प्रकार जुना झाला, पण त्याची नवी आवृत्ती निघाली आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स 'स्नॅप' नावाच्या बंद डब्यात घालून दिला जाऊ लागला. डब्यामुळे सुरक्षितता वाढते, कारण आतल्या कार्यक्रमाला घरभर हिंडता येत नाही. पण त्यामुळेच डब्याबाहेर बसवलेला सहीच्या टोकनचा मदतनीस कार्यक्रम त्याला दिसेलच असे नाही. टोकन लावलेले असते, त्याचा दिवा लुकलुकत असतो, आणि ब्राउझर म्हणतो, कुठे आहे? अशा वेळी डब्याबाहेरचा साधा फायरफॉक्स घालून पाहणे हा सोपा उपाय. तो उपाय सुचण्यासाठी डबा आहे हे मात्र आधी ठाऊक हवे.

आणि शेवटची जात मृत्यूची. प्लगइन बसत नाही, कारण ते आता या जगातच नाही. गुगलच्या क्रोमने २०१४ साली लिनक्सवर आणि २०१५ साली सगळीकडे जुन्या पद्धतीच्या प्लगइनना दार बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश तेवढे ठेवून बाकीच्यांना निरोप दिला. जावाचे ब्राउझरमधले प्लगइन २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत काढून टाकले गेले. फ्लॅशची देखभाल ३१ डिसेंबर २०२० ला संपली आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्याने स्वतःहूनच काम करणे थांबवले. तरीही 'फ्लॅश बसवा' असे सांगणारी जुनी पाने अधूनमधून भेटतात आणि भोळी माणसे कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून फ्लॅश म्हणून भलतेच उतरवून घेतात. तेवढे कृपा करून करू नये. जुन्या फ्लॅशमधल्या गोष्टी नातवंडांना दाखवायच्याच असतील तर 'रफल' नावाचा मुक्त कार्यक्रम त्यांतल्या पुष्कळशा चालवतो.

इथवर सगळे जॉबरचे काम झाले. गिरणीत माग अडला की जॉबर यायचा. कान लावून ऐकायचा, हात घालायचा, माग चालू करून जायचा. प्रत्येक विणकराने जॉबर व्हावे अशी अपेक्षा कुणी ठेवत नसे. आज मात्र आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरचा जॉबर व्हावे असे गृहीत धरले जाते. छंद म्हणून कुणी ते करत असेल तर चांगलेच आहे. पण ज्या दारातून आपल्याला हक्काने आत जायचे आहे, ते दारच विशिष्ट जॅकार्डशिवाय उघडत नसेल तर तो प्रश्न छंदाचा राहत नाही.

दक्षिण कोरियाने याची किंमत वीस वर्षे मोजली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने बाहेरदेशी पाठवायच्या ब्राउझरमध्ये कच्चेच कुलूप घालू दिले होते. म्हणून कोरियाने १९९८ साली 'सीड' नावाचे आपले स्वतःचे पक्के कुलूप बनवले. हेतू उत्तम होता. पण ते कुलूप ब्राउझरमध्ये नव्हते, त्यासाठी प्लगइन लागे. नेटस्केप हा ब्राउझर मागे पडला आणि उरले फक्त इंटरनेट एक्सप्लोररचे ॲक्टिव्हएक्स. बँक असो, कर असो वा खरेदी, विंडोज आणि एक्सप्लोरर यांच्याखेरीज पान हलेना. लिनक्स किंवा मॅक वापरणारा माणूस आपल्याच देशात परका झाला. कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक किम की-चांग यांनी २००७ साली याविरुद्ध दावा लावला. तो ते हरले. सरकारला खरी जाग आली ती २०१४ साली, एका कोटामुळे. 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' या गाजलेल्या मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना कोरियन दुकानांतून मागवायचा होता आणि या प्लगइनपायी त्यांना पैसे भरता येईनात. तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांनी हा विषय काढला. सरकारी प्रमाणपत्राची खास सत्ता कायद्याने संपायला डिसेंबर २०२० उजाडला. नागरिकांच्या गैरसोयीने जे झाले नाही ते कोटाच्या गिऱ्हाइकाने केले. व्यापार म्हणतात तो असा. यातली आणखी एक गोष्ट मला बँकेच्या माणसाला जास्त टोचते. रोज दहा वेळा 'हे बसवू का?' या प्रश्नाला 'हो' म्हणायची सवय एका अख्ख्या देशाला लागली होती. चोराला याहून सोयीचे गाव कुठले?

आपल्याकडे इतके टोक गाठले गेले नाही, याचे श्रेय मोबाइलला आहे. सही आणि ठसा यांची जागा पुष्कळ ठिकाणी मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली. परंतु काही दारे अजून अरुंद आहेत. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ ला आला आणि कंपन्यांना विवरणपत्रावर डिजिटल सही सक्तीची झाली. ब्राउझरमधले जावा गेल्यावर या सह्यांसाठी संगणकात वेगळा मदतनीस बसवण्याची पद्धत पडली. ब्राउझर त्या मदतनिसाशी संगणकाच्या आतल्या आत बोलतो. टोकनचा चालक लिनक्ससाठी मिळाला तरी त्या मदतनिसाची आवृत्ती विंडोजचीच, असा अनुभव आमच्या ओळखीच्या एका टॉवेल निर्यातदाराच्या लेखनिकाने सांगितला. त्यांनी महिन्यातून एक दिवस वापरायला एक विंडोजचा संगणक कोपऱ्यात झाकून ठेवला आहे. संक्रांतीपुरत्या बाहेर निघणाऱ्या तिळगुळाच्या डब्यासारखा!

आणि आमचे पेन्शनर. हयातीचा दाखला घरबसल्या देता यावा म्हणून 'जीवन प्रमाण' ही योजना १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली. योजना चांगलीच आहे; बँकेच्या बाकावर नोव्हेंबरात बसणारे थरथरते हात मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. परंतु तिचा कार्यक्रम सुरुवातीला निघाला तो विंडोजच्या संगणकासाठी आणि अँड्रॉइडच्या फोनसाठी. लिनक्सच्या संगणकाला त्या यादीत जागा नव्हती. गंमत अशी की अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली आणि ठशाचे यंत्रही गरजेचे राहिले नाही. शिवाय पोस्टमन घरी येऊन हे काम करतो, बँकेत प्रत्यक्ष जाऊन कागदावर सही करण्याचा मार्गही आहे. म्हणजे अडून काही राहत नाही. माझा मुद्दा त्याहून लहान आणि, मला वाटते, चिवट आहे. नागरिकाने कुठल्या कंपनीचा माल घरात आणावा हे सरकारी दाराने ठरवू नये.

हे काही माझे एकट्याचे म्हणणे नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणही काढले. सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचे भारतीय लिनक्स २००७ सालीच बाहेर आणले. केरळने तर आपल्या सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवर आणले आणि तिथली पोरे त्यावरच शिकून मोठी झाली. धोरण आहे, वस्तू आहे, उदाहरणही आहे. उरते ते संकेतस्थळ बनवून घेताना निविदेत एक ओळ घालण्याचे काम: कुठल्याही चालू ब्राउझरवर आणि प्रणालीवर हे चालले पाहिजे. बँकेत मी निविदा उघडल्या आहेत. अशा एका ओळीने देकार देणाऱ्यांची धावपळ होते खरी, पण काम होते.

प्लगइन सगळीच वाईट असे मात्र कुणी समजू नये. एका प्लगइनने मराठी वाचकावर मोठे उपकार केले आहेत आणि ते फारच थोड्यांना ठाऊक आहेत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मराठी छपाई संगणकावर आली ती ज्याच्या त्याच्या फाँटात. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकची वेगळी. इंग्रजी अक्षराच्या घरात गुपचूप देवनागरी तुकडा बसवलेला, कुणी 'ए'च्या घरात काना घातला तर कुणी अर्धा क. तो फाँट आपल्याकडे असेल तर मराठी, नसेल तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. पुढे मराठी दैनिके इंटरनेटवर आली तीही अशाच फाँटांत. प्रत्येकाचा फाँट आधी उतरवून घ्यायचा. काहींनी आपोआप येणाऱ्या फाँटाची युक्ती केली, पण ती विशिष्ट ब्राउझरपुरतीच. परदेशात लिनक्सवर काम करणाऱ्या मराठी मुलांना घरचे वर्तमानपत्र दिसत होते, वाचता येत नव्हते.

त्या काळात फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाची एक जोडणी निघाली. तेलुगूपासून तिची सुरुवात झाली आणि मग मराठीसह इतर भारतीय भाषा तिने घेतल्या. निरनिराळ्या फाँटांतला तो चिवडा ती जागच्या जागी युनिकोड देवनागरीत बदलून दाखवी, लिनक्सवरसुद्धा. ज्या गावात घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात उर्दू आणि शाळेत मराठी बोलतात, त्या गावच्या माणसाला या जोडणीचे अप्रूप वाटले तर नवल नाही. युनिकोडमध्ये १९९१ पासूनच देवनागरी होती. रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' हे फाँट सगळ्यांना मुक्त केले. ते मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे श्रीलिपी करणाऱ्यांचेच. हळूहळू दैनिके युनिकोडवर आली आणि पद्मची गरज सरली. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या धाटणीच्या सगळ्याच जोडण्या बंद केल्या, तेव्हा फारसे कुणी हळहळलेही नाही. एखाद्या जॅकार्डला याहून चांगले मरण येत नाही. त्याने काढलेली नक्षी मागालाच येऊ लागली होती.

ती गरज वर्तमानपत्रांपुरती सरली, घराघरांतल्या फाइलींपुरती नाही. किती पतसंस्थांची इतिवृत्ते, किती शाळांची स्मरणपत्रिका, किती प्रकाशकांची पुस्तके अजून त्या जुन्या फाँटांत पडून आहेत याची मोजदाद कुणी केलेली नाही. माझ्या तीन कादंबऱ्या तशाच आहेत. लिनक्सवर त्या उघडल्या तर चिवडा दिसतो. तो बदलून देणारे फुकट कार्यक्रम मिळतात आणि ते नव्वद-पंच्याण्णव टक्के काम बिनबोभाट करतात. उरलेल्यात 'तऱ्हा' आणि 'दऱ्या' यांतला अर्धा र हमखास गळतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व इकार आपले अक्षर सोडून पुढच्याला बिलगतो. ज्यांच्याकडे अशा फाइली असतील त्यांनी मूळ फाँट आधी जपून ठेवावा, एक छापील प्रत हाताशी ठेवावी आणि एकेका प्रकरणाचेच रूपांतर करावे, म्हणजे चूक कुठे शिरली ते सापडते. पहिल्या कादंबरीची एकशे बारा पाने माझी तपासून झाली आहेत. ओढ्याकाठच्या प्रकरणात इतक्या दऱ्या कशाला घातल्या होत्या, असा विचार आता रोज संध्याकाळी करतो.